पेपरमिंटचं फूल

नायगाव, मुंबई
गुरुवार, संध्याकाळ

प्रिय रामदास,

मामाचा जय भीम. नायगावहून परळला पोस्टाने पत्र घालणारा माणूस या मुंबईत मी एकटाच असेन. चालत निघालो तरी पत्राच्या आधी पोचेन. पण काही गोष्टी अशा असतात की त्या बोलायला समोरासमोर बसलो तर तू मान खाली घालशील, मी खिडकीबाहेर बघत बसेन आणि तेवढ्यात तुझी आई, आमची अक्का, चहा घेऊन येईल. शिवाय चाळीतलं तुला माहीतच आहे. आपण इकडे शिंकलो की तिसऱ्या खोलीतून कोणीतरी सुंठ घेऊन येतं. म्हणून कागद घेतला. हे तू एकट्याने वाच, गच्चीवर जाऊन वाच हवं तर. अक्काला वाचता येत नाही, पण ती शेजारच्या पोरींकडून वाचून घेते. तेव्हा वाचून झाल्यावर पत्र उशीखाली ठेवू नकोस.

विषय कांताचा आहे. ती माटुंग्याला माहेरी जाऊन महिना होत आला आणि तू तिला आणायला गेला नाहीस. तुझ्या मनात पक्कं बसलंय की तिला तू आवडत नाहीस. अक्काच्या मनात त्याहून पक्कं बसलंय की पोरीला बाहेरची बाधा आहे. सोमवारी ती इथे येऊन सांगून गेली, "गंगाधरा, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पहाटेच्या पारी मोरीत बसून अंगावर तांब्यावर तांबे ओतत होती. काय झालं म्हटलं तर म्हणते, आग होतेय. थंडीच्या दिवसांत कोणाच्या अंगाची आग होते रे?" रविवारी अमावस्या. धारावीकडचा कोणी देवऋषी येणार, कोंबडी उतरवणार. त्यानेही गुण आला नाही तर पोरीला कायमचं माहेरी ठेवायचं आणि तुला दुसरी बघायची, इथपर्यंत अक्काचं ठरलंय. म्हणजे रविवारी तुझ्या घरात कोंबडी येते की कांता, एवढाच प्रश्न उरला आहे, आणि तो तुझ्या हातात आहे. कांताला बाधा नाही. आजारही नाही. आणि तू तिला नकोसा झालास हेही खरं नाही. हे मी अंदाजाने लिहीत नाही. मला कसं कळलं ते पत्राच्या शेवटी सांगतो, तोवर धीर धर.

तुझं लग्न मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. तुमच्या चाळीतलं नव्या, बौद्ध पद्धतीचं पहिलंच लग्न. हळद नाही, बाशिंग नाही, दोघांच्या अंगावर पांढरे कपडे, समोर मेणबत्त्या. अक्का कोपऱ्यात बसून पुटपुटत होती, "हे लग्न आहे का सभा?" आणि कांताने ते ऐकून पदराआड हसू दाबलं होतं. ती हसते तेव्हा आधी खांदे हलतात, मग आवाज येतो. तेव्हाच तुझी मामी मला म्हणाली होती, पोरगी मनमोकळी आहे, रामदासचं नशीब चांगलं.

त्याच महिन्यात शिवाजी पार्कला समितीची सभा झाली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून तू असा ओरडलास की दुसऱ्या दिवशी तुझा घसा पार बसला. मी गिरगावच्या आमच्या औषधाच्या कारखान्यातून पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी आणून दिली. तू त्यातल्या अर्ध्या कांतासाठी राखून ठेवल्यास. तिने दाराच्या चौकटीला टेकून गोळी तोंडात टाकली, ओठांचा चंबू करून वारा आत ओढला आणि म्हणाली, "अगं बाई, पाणी न पिताच गार!" त्या दिवसापासून तू रोज गिरणीतून येताना पुडी आणायला लागलास. मला ते फार बरं वाटलं होतं. चोवीस वर्षांचा माणूस आपल्या बायकोला काय आवडतं ते लक्षात ठेवतो, ही साधी गोष्ट नाही. पुढे जे झालं तेही त्याच मायेपोटी झालं, म्हणून या पत्रात तुला रागवायला मी बसलेलो नाही.

गिरणीत तुमच्या साचेखात्यातला, मागावरचा कोंडीराम मला भेटला. तुला त्याने बाटली दिली होती ना, बोटाएवढी, रबरी बुचाची? त्याला मी पोयबावडीच्या हॉटेलात चहाला बसवलं आणि सरळ विचारलं. आधी उडवाउडवी केली, मग म्हणाला, "अहो मामा, ह्यानंच सांगितलं, बायकोला गार आवडतं. म्हटलं मग घे, ह्याचे दोन थेंब लाव, जन्मभर नाव काढेल." मी विचारलं, तू स्वतः कधी लावलंस का? तर तो दचकून म्हणाला, "छ्या! माझी बायको लाटणं घेऊन मागं लागेल." माणूस वाईट नाही. पण रामदास, ज्याने स्वतः कधी केलं नाही त्याच्या सल्ल्यावर तू तुझं घर पणाला लावलंस, हे मात्र ध्यानात ठेव.

त्या बाटलीत काय होतं ते मला नेमकं सांगता येतं. पेपरमिंटचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर. तिन्ही कोरडे खडे असतात. वेगवेगळे ठेवले तर वर्षभर तसेच राहतात. एका बाटलीत घातले की आपोआप विरघळून त्यांचं पाणी होतं. आमच्याकडे नवीन येणारा प्रत्येक जण ते बघून तोंडात बोट घालतो. पोट दुखलं तर त्याचा एक थेंब बत्ताशावर, डोकं दुखलं तर कपाळावर बोट फिरवावं. ते औषध आहे, आणि चांगलं औषध आहे. पण जिथलं तिथे. गोळीत पेपरमिंट नावाला असतं, बाकी साखर. बाटलीत तेच पेपरमिंट निव्वळ असतं. जिभेला जे गार लागतं तेच नाजूक कातडीला विस्तवासारखं लागतं.

कारखान्यात आमचा एक नियम आहे, बाहेरच्या माणसाला सांगितला तर तो हसेल. सगळं जग मुतारीतून आल्यावर हात धुतं. आम्ही जाण्याआधी धुतो. बाम भरणारा असो की अर्क गाळणारा, आधी खोबरेलाने हात चोळायचे, मग साबणाने धुवायचे, आणि मगच जायचं. आमच्या खात्यात कुशाबा नावाचा गडी लागला होता. तालमीतला माणूस, मांड्या खांबासारख्या. त्याला नियम सांगितला तर म्हणाला, "मी काय बाईमाणूस आहे का आग सोसायला?" दुपारी हा गडी मागच्या अंगणात नाचतोय, नळाखाली बसतोय, पुन्हा उठतोय, आणि पाणी ओतेल तसतसा आणखी ओरडतोय. आम्ही पोट धरून हसलो. शेवटी मी त्याला तेलाची वाटी नेऊन दिली, म्हटलं, पाणी थांबव, हे लाव, फडक्याने हलकेच पुसून घे. थोड्या वेळात गडी निवला. संध्याकाळी स्वतःच भिंतीवर खडूने लिहून गेला, आधी हात धुवा.

आता त्या तालमीतल्या गड्याच्या जागी कांताला ठेवून बघ. त्याला निदान ओरडता तरी आलं. तुमची खोली एक, मधे जुन्या लुगड्याचा पडदा, पडद्यापलीकडे तुझी आई. कांताने ओरडायचं तरी कसं? तिने पदर तोंडात धरला. पहाटे मोरीत जाऊन पाणी ओतत बसली, आणि पाण्याने तो अर्क जात नाही, नुसता पसरतो, हे तिला कोण सांगणार होतं? तुला वाटलं, ती लाजली. तिला वाटलं, आपल्यालाच काही रोग आहे, म्हणून नवऱ्याने औषध लावलं. आठवड्याने तू पुन्हा तेच केलंस, जरा जास्त लावून, पहिल्यांदा गुण आला नाही असं समजून. त्यानंतर ती अक्काजवळ निजायला लागली आणि मग माहेरी गेली. सगळं एवढंच आहे. ना बाधा, ना नावड.

तुला वाटेल मामा हे सगळं इतक्या सहज कसं लिहितो. तुझ्या मामीमुळे. आमचं लग्न झालं तेव्हाही मी याच कामात होतो. पहिल्याच आठवड्यात ती तोंडावर म्हणाली, "अहो, तुमच्या हाताला काय लागलंय? माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय, आणि ते काही प्रेमाचं नाही." मी हसलो, ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी मोरीच्या कट्ट्यावर खोबरेलाची वाटी आली. ती वाटी आजही तिथेच आहे. लहानपणी तू विचारायचास ना, मामा घरात शिरल्या शिरल्या हाताला तेल का लावतो? तर ते त्यासाठी. मामी बोलली म्हणून मला कळलं. कांताला बोलायला तू जागाच ठेवली नाहीस. मोर्चात तुझा आवाज सगळ्यांच्या वर असतो, पोलिसांनाही ऐकू जातो. घरात मात्र 'दुखतंय का गं?' एवढे शब्द तुझ्या तोंडून फुटले नाहीत.

काल मामी कांताला घेऊन दादरला कालिंदीबाई डॉक्टरिणीकडे जाऊन आली. बाई तोंडाने फटकळ आहेत, पण हात देवासारखा. त्यांनी तपासून सांगितलं की जखम नाही, कातडी लाल झाली होती ती बरी झाली आहे, मुलगी धडधाकट आहे. मग त्यांनी जे सांगितलं ते मामीने मला जसंच्या तसं सांगितलं आणि मी तुला लिहितो, कारण हे पुरुषांनी एकमेकांना सांगायला हवं आणि आपण एकमेकांना नेमकं भलतंच सांगतो. पेपरमिंट, कापूर, बाम, दाताची पावडर, यातलं काहीही स्त्रीच्या किंवा पुरुषाच्या नाजूक अंगाला लावायचं नाही. थोडंही नाही, पाण्यात मिसळूनही नाही. हाताला बाम लागला असेल तर आधी तेल, मग साबण, मगच जवळ जायचं. तोंडात कडक गोळी असेल तर ती संपू द्यावी आणि चूळ भरावी. चुकून आग झालीच तर तिथेच थांबायचं, मऊ फडक्याला खोबरेल लावून हलकेच पुसायचं, मग साध्या पाण्याने धुवायचं. साबण लावायचा तर सौम्य, आणि तोही बाहेरूनच, आत नाही. घासायचं नाही, वर दुसरं औषध थापायचं नाही. बहुधा तासाभरात आग निवते. पण सूज आली, फोड आले, रक्त दिसलं, लघवीला त्रास झाला किंवा दुसऱ्या दिवशीही दुखत राहिलं तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं. एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली, पुढे तुम्हाला उपयोगी पडेल: मूल लांबवायला जे रबर वापरतात त्याच्याबरोबर तेल चालत नाही, रबर विरतं. शेवटी बाई मामीला म्हणाल्या, "त्या नवऱ्याला सांगा, बायको म्हणजे खोकल्याची छाती नव्हे, वाटेल ते चोळायला." मामीने तिथे कसंबसं हसू दाबलं. घरी येऊन मला सांगताना मात्र डोळ्यांना पदर लावून हसत होती. तूही हसलास तर चालेल, पण पुढचं वाच.

संध्याकाळी मेणबत्ती लावून मी त्रिशरण पंचशील म्हणतो, ते तुला माहीत आहे. दीक्षा घेतल्यापासून एक दिवस चुकवलेलं नाही. पहिलं शील म्हणजे जिवाला इजा करणार नाही. इतके दिवस मला वाटायचं, हे कोंबडी-बकऱ्यापुरतं आहे आणि आपल्या घरात ते कापणं सुटलं, म्हणजे आपलं झालं. या आठवड्यात ते म्हणताना मी मधेच थांबलो. इजा मुद्दाम केली तरच इजा होते असं थोडंच आहे? प्रेमाने केलेली इजाही ज्याला होते त्याला तेवढीच दुखते. फरक इतकाच, की प्रेम असेल तर कळल्याबरोबर हात मागे येतो. तुझा येईल याबद्दल मला शंका नाही.

आणखी एक. मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो ते वर्गाबाहेर, ओट्याच्या खाली बसून. मास्तर आत शिकवायचे, मी खिडकीतून ऐकायचो. ऐकायला बंदी नव्हती, विचारायला होती. त्यामुळे किती तरी गोष्टी मी उलट्या शिकलो. मोठा होईपर्यंत मला वाटत होतं की नकाशातला निळा रंग म्हणजे आभाळ. विचारता आलं असतं तर एका वाक्यात सुटलं असतं. म्हणून विचारायची मुभा काय असते ते मला फार कळतं. आपण लोकांनी ती मिळवायला आयुष्यं घातली. ती बाहेर मिळवायची आणि घरात बायकोला द्यायची नाही, हे कसं चालेल? तिलाही विचारू दे, आणि तूही विचार.

(इथली एक ओळ खोडलेली आहे. ती तशीच राहू दे. कारण पुढे कळेल.)

अक्काची काळजी करू नकोस. तिला मी सांभाळतो. शनिवारी मी परळला येणार आहे आणि तिला सांगणार आहे की डॉक्टरीणबाईंनी तपासलं, उष्णता होती, उतरली. हे खोटं नाही, आणि तिला यापेक्षा जास्त कळायची गरज नाही. देवऋषी नको म्हटल्यावर ती माझ्याशी भांडेल. धाकटा भाऊ म्हणून मी ऐकून घेईन. मग म्हणेन, अक्का, कोंबडी आणलीच आहेस तर पाळ, अंडी खा. ती हसली की काम झालं, आणि ती हसेल. मी तिला लहानपणापासून ओळखतो.

आता मला हे कसं कळलं ते. वर मी लिहिताना असं भासवलं की ही सगळी उठाठेव माझी. तसं नाही. मंगळवारी कांता स्वतः आमच्या दारात आली. माटुंग्याहून एकटी, चालत, पिशवीत तुझी ती बाटली घेऊन. तिने ती मामीपुढे ठेवली आणि म्हणाली, "मामी, मामा औषधाच्या कारखान्यात आहेत ना, त्यांना विचारा हे काय आहे, आणि मला कुठला रोग झालाय." मी वास घेतला आणि दोन्ही प्रश्नांची उत्तरं दिली. ती तिथेच भिंतीला टेकून बसली आणि खूप रडली. मग विचारलं, "म्हणजे त्यांनी माझ्या बऱ्यासाठी केलं?" मी हो म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, मग त्यांना लिहा. मी सांगायला गेले तर माझ्याच्याने होणार नाही, आणि रविवारच्या आधी त्यांना कळायला हवं. असं हे पत्र आहे. आत्ता ती मामीजवळ तांदूळ निवडत बसली आहे आणि एकेक पान लिहून झालं की वाचते आहे. माझ्यापेक्षा तिला वाचनाचा सराव जास्त. वर मी 'कांताने तुला माफ केलं आहे' असं लिहिलं होतं. तिने त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "मामा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" आणि माझ्या हातातून पेन घेऊन ती खोडली. म्हटलं, मग काय लिहू? तिने थोडा वेळ तांदळातला खडा शोधला आणि सांगितलं: "लिहा, शनिवारी त्यांनी माटुंग्याला यावं. सासूबाईंना घेऊन नको, एकट्यानं. आल्यावर मला विचारावं, मी सांगेन. आणि पुढेही काही मनात आलं तर आधी मला विचारावं, कोंडीरामला नाही." मी हे लिहून घेतलं. मग ती स्वतःशीच हसली, आधी खांदे हलले, आणि म्हणाली, "गोळ्यांची पुडी आणा म्हणावं. ती मला आवडते." बाटली मी मोरीत ओतून टाकली आहे. पत्र तीच पोस्टात टाकणार. पाकीट फाडताना तू बघितलं नसशील, तर आता परत उचलून नीट बघ. पत्त्याचं अक्षर माझं नाही.

तुझाच,
गंगाधरमामा